लॅपटॉप घेण्याआधी पाठीवर तांदूळ घ्या

जुलै लागला की नातेवाइकांकडून मला लिंका यायला लागतात. 'ताई, हा घेऊ का?' कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला लॅपटॉपपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं कळतं, असा आमच्या घरात ठाम समज आहे. यंदा आतेभावाचा नंबर लागला. राहायला ठाण्याच्या कोपरीत, कॅप राऊंडमध्ये (म्हणजे प्रवेशाच्या फेरीत) कॉलेज लागलं खारघरचं. एका रात्रीत त्याने अकरा लिंका पाठवल्या आणि त्यातल्या दहा लॅपटॉपांच्या कीबोर्डखाली लाल-निळे दिवे लागत होते.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. पण आधी माझी फजिती.

२०२१ला मला नेरुळच्या एका कॉलेजात ॲडमिशन मिळाली. पैसे बाबांचे होते आणि मत मामाचं. "दाजी, एकदाच घ्यायचा तर दणदणीत घ्या, चार वर्षं बघायला नको," असं म्हणून मामाने साडेपंधरा इंची गेमिंग लॅपटॉप पसंत केला. सदुसष्ट हजार गेले. सुरुवातीचे महिने लेक्चर घरूनच होती, त्यामुळे तो टेबलावर बसून राहिला आणि मी त्याच्यावर बेहद्द खूश होते. मग कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं.

कळव्याहून स्लो पकडून ठाणे, तिथे पूल चढून नऊ-दहा नंबरवर, आणि तिथून पनवेल गाडी. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर आणि मग नेरुळ. बसायला मिळालं तर नशीब. गर्दीच्या डब्यात सॅक पाठीवर ठेवायची सोय नसते, ती पोटाशी घ्यायची, आणि एक हात वरच्या कडीला. पंधरा दिवसांत खांदा दुखायला लागला. एका रविवारी खाली रद्दीवाला आला होता, तेव्हा गंमत म्हणून त्याच्या काट्यावर लॅपटॉप ठेवला. दोन किलो तीनशे. मग अडॅप्टर वायरसकट ठेवला, तो सातशे ग्रॅम. म्हणजे तीन किलो, त्यात डबा, पाण्याची बाटली, जर्नल वेगळीच. रद्दीवाला म्हणाला, "द्यायचाय का?" त्या क्षणी माझा विचार झाला होता.

अडॅप्टरची आणखी एक तऱ्हा. त्याची पिन जाडी, म्हणजे घरात गीझर किंवा फ्रीजला असते ना, तशी. वर्गातल्या बोर्डात सगळी सॉकेटं लहान. पहिल्या प्रॅक्टिकलला बॅटरी दीड तासात संपली आणि मी ती जाडी पिन हातात घेऊन उभी. शेवटी गावदेवी मार्केटजवळून कन्व्हर्टर आणला. अडॅप्टर दोनशे वॉटच्या आतबाहेरचा, त्याला जेमतेम एक ॲम्पिअर लागतो, लहान सॉकेटवर आरामात चालतो. तरी पिन मात्र जाडी. बॉक्सवर हे कुठेही लिहिलेलं नसतं, म्हणून दुकानात अडॅप्टर बाहेर काढून दाखवायला सांगा.

सेकंड इयरपर्यंत मी लॅपटॉप न्यायचंच बंद केलं. ग्रुप प्रोजेक्ट मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, आणि माझा सदुसष्ट हजारांचा ऐवज घरी धाकट्या भावाच्या गेमसाठी. जो लॅपटॉप घरी राहतो तो कितीही वेगवान असला तरी कॉलेजच्या कामाचा शून्य. म्हणून मी वजन सगळ्यात आधी विचारते आणि प्रोसेसर नंतर. रोज ट्रान्स-हार्बरने, म्हणजे या ठाणे-पनवेल मार्गाने जाणाऱ्याने चौदा इंची, दीड किलोच्या आसपासचा बघावा. चार्जिंग सी-टाईप पिनने होणारं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग पासष्ट वॉटचा छोटा चार्जर पुरतो, त्यावर फोनही चार्ज होतो आणि विसरला तर वर्गात कोणाकडे तरी मिळतोच. फक्त लॅपटॉपला सी-टाईप खाच आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काहींत ती फक्त डेटासाठी असते. हे विचारून घ्या.

आता प्रोसेसर. इथे पोरं सगळ्यात जास्त फसतात, कारण दुकानात फक्त 'आय फाईव्ह' आणि 'रायझन फाईव्ह' एवढंच बोललं जातं. ही नावं आडनावासारखी आहेत. कुलकर्णी म्हटल्यावर कोणता कुलकर्णी हे कळत नाही, तसंच. इंटेलमध्ये 'आय५-१२३५यू' असेल तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे बारावी. शेवटचं 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, 'एच' म्हणजे जोरकस पण गरम होणारा आणि बॅटरी पिणारा. २०२३च्या शेवटापासून इंटेलने 'आय' काढून 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावं आणली. त्यातल्या 'कोअर ५ १२०यू'चं नाव नवं असलं तरी आत जुन्याच घराण्याची चिप आहे.

एएमडीची गंमत याहून भारी. 'रायझन ५ ७५२०यू' आणि 'रायझन ५ ७५३०यू' ही नावं शेजारी ठेवा. फरक एका आकड्याचा. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यूमध्ये चार कोअर (चिपमधले काम करणारे हात म्हणा) आणि झेन २ ही जुनी रचना, ७५३०यूमध्ये सहा कोअर आणि झेन ३. शिवाय ७५२०यूबरोबर येणारी रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, म्हणजे आठ जीबीचा घेतलात की जन्मभर आठच. आतेभावाच्या अकरा लिंकांत गेमिंगचा हट्ट सोडून एक 'स्वस्तातला बॅकअप' होता, तो नेमका हाच निघाला. मी त्याला एवढंच सांगितलं की पूर्ण नंबर गुगलवर टाकायचा आणि मगच मला लिंक पाठवायची. दुसऱ्या दिवशी अकराच्या चार झाल्या.

रॅम सोळा जीबी घ्या. बजेट ताणूनही जमत नसेल तर आठ चालेल, पण पुढे रॅम वाढवायला एक स्लॉट रिकामा असलेलाच. ब्राउझरचे वीस टॅब, एक मीटिंग आणि कोडिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की आठ जीबी धापा टाकायला लागते. स्टोरेज एसएसडीच हवं, ५१२ जीबी पुरतं. विंडोज ते ४७६ दाखवेल. त्यात दुकानदाराने काही खाल्लेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.

स्क्रीनकडे मात्र कोणी बघत नाही. स्वस्त लॅपटॉपवर '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. निट्स म्हणजे उजेड, एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांची मापं. त्याचा अर्थ असा की खिडकीशेजारी बसलात तर स्वतःचं तोंड दिसेल आणि रंग धुतलेल्या कपड्यासारखे दिसतील. कोड लिहायला काही बिघडत नाही. पण आर्किटेक्चर, डिझाईन किंवा मीडियाला जाणाऱ्याने ३०० निट्स आणि १०० टक्के एसआरजीबी याच्या खाली उतरू नये. नाहीतर स्क्रीनवर अबोली दिसणारा रंग प्रिंटमध्ये भगवा येतो आणि शीट परत काढावी लागते.

कोणत्या शाखेला काय लागतं हे विचारणारे बरेच असतात. खरं सांगू? एफईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, फारसं काहीच लागत नाही. सी किंवा पायथनचे प्रोग्राम कशावरही चालतात, ड्रॉइंगच्या प्रॅक्टिकलला लॅबमधले पीसी असतात. त्यामुळे ॲडमिशन झाली त्याच दिवशी दुकान गाठायची गरज नाही. पंधरा दिवस कॉलेजला जा, आपल्याच ब्रँचच्या टीईच्या (तिसऱ्या वर्षाच्या) मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि ते काय वापरतात ते बघा. सेल काही पळून जात नाही. पंधरा ऑगस्टचा हुकला तर दिवाळीचा येतो.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी मॅकच्या मोहात पडण्याआधी थांबावं. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही विंडोजचीच पोरं. ऑटोकॅड, रेव्हिट ही ऑटोडेस्क कंपनीची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी फुकट मिळतात आणि दर वर्षी वाढवून घेता येतात, त्यामुळे कोणी पेन ड्राइव्हमधून क्रॅक व्हर्जन देऊ केलं तर हात जोडा. माझ्या एका मैत्रिणीची सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खी डी ड्राइव्ह त्या पेन ड्राइव्हपायी गेली. कॉम्प्युटर, आयटीवाल्यांना मॅकबुक एअर उत्तम. एम१ चिपचं मॉडेल १.२९ किलोचं आहे, आत पंखाच नाही, त्यामुळे लायब्ररीत आवाज नाही. ऑक्टोबर २०२४पासून ॲपलने एअरमध्ये कमीत कमी सोळा जीबी रॅम द्यायला सुरुवात केली. त्याआधीचं आठ जीबीचं मॉडेल सेलमध्ये दिसलं तर पाघळू नका. मशीन लर्निंग करायचं म्हणून महाग ग्राफिक्स कार्ड हवं असंही काही नाही. शिकण्यापुरतं गुगल कोलॅबवर (ब्राउझरमधून गुगलचे कॉम्प्युटर वापरता येतात ते) फुकट भागतं, माझा बीईचा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बराचसा तिथेच झाला. बी.कॉम.वाल्यांनी साधा विंडोज लॅपटॉप घ्यावा, टॅली मॅकवर चालत नाही. तिचं फुकट शैक्षणिक व्हर्जन महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेतं, एवढं माहीत असलं की 'सॉफ्टवेअर बिघडलं' म्हणून रात्री अकराला कोणाला फोन करावा लागत नाही. (मला आला होता.)

गेमिंग लॅपटॉप कोणी घ्यायचाच नाही असं माझं म्हणणं नाही. हॉस्टेलवर राहत असाल, थ्रीडी रेंडरिंग करणार असाल किंवा खरंच गेमच खेळायचे असतील, तर घ्या. आईबाबांना मात्र 'अभ्यासासाठी लागतो' असं सांगू नका. आणि घेताना ग्राफिक्स कार्डाच्या नावाबरोबर वॉटही बघा. आरटीएक्स ३०५० हे एकच नाव ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंतच्या कार्डांना आहे आणि दोन्ही टोकांच्या वेगात चांगलाच फरक पडतो.

माझं पुढे काय झालं? टीईला ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशांतून मी लिनोवोचा सेकंड हँड थिंकपॅड घेतला. चोवीस हजार, चौदा इंची, दीड किलोच्या आसपास. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून असे लॅपटॉप विकून टाकतात. दिसायला काळा ठोकळा, पण बिजागऱ्या दणकट आणि खालचे स्क्रू काढून रॅम मी स्वतः वाढवली. सेकंड हँड घेणार असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच बघा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ आठव्या पिढीहून जुन्या बहुतेक चिपवर अधिकृतपणे चालत नाही. बॅटरी किती खंगलीये हे दुकानातच बघा: चार्जर काढून अर्धा तास यूट्यूब चालू ठेवायचं आणि टक्के मोजायचे. दुकानदार चुळबूळ करायला लागला की समजा.

नवा घेताना वॉरंटीत माणूस घरी येणार की आपण सेंटरवर न्यायचा हे विचारा. माझ्या गेमिंगवाल्याची बिजागरी दोन वर्षांत उखडली, मी तो नेहमी स्क्रीनच्या एका कोपऱ्याला धरून उघडायचे. सर्व्हिस सेंटरने नऊ हजार सांगितले. स्टेशनजवळच्या गल्लीतल्या एका कारागिराने प्लास्टिकात पितळी नट बसवून बाराशेत करून दिली आणि वर ऐकवलं, "मधोमध धरून उघडायचं, बेटा." तो सल्ला वॉरंटी कार्डावर छापायला हवा.

पावसाचंही सांगते. सॅक वॉटरप्रूफ असल्याचं लेबलवर लिहिलेलं असतं, कळवा स्टेशनच्या पुलावरच्या पावसाला ते वाचता येत नाही. मी आईच्या साडीचं चेनवालं प्लास्टिकचं कव्हर वापरते. लॅपटॉप त्यात बरोबर बसतो. फक्त बंद करून, गार झाल्यावरच घालायचा. झाकण मिटलं म्हणजे बंद झाला असं नाही, सॅकेत तो जागा राहिला तर भाजून निघतो.

आतेभाऊ एवढं सगळं ऐकूनही शेवटी साडेपंधरा इंचीवरच अडला होता. "ताई, दोन किलो म्हणजे काय असतं?" मग मी त्याला म्हटलं, सॅकमध्ये तीन किलो तांदूळ भर आणि उद्या सकाळी आठच्या सुमाराची पनवेल गाडी पकडून एकदा खारघरला जाऊन ये. आत्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तो मात्र खरंच गेला.

आठ एकेचाळीसला त्याचा मेसेज आला, अजून तुर्भेसुद्धा गेलं नव्हतं. 'ताई, चौदा इंचीचेच पाठवतो. आणि हे तांदूळ परत घरी न्यायलाच हवेत का?'