आत्मिक लेकरं सत्यात चालतायत याचा आनंद घ्यायला शिकायचं कसं

ज्यांना आपण विश्वासात हाताला धरून आणलं, ज्यांच्यासोबत बसून पहिली प्रार्थना केली, ज्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांच्यापेक्षा आपलेच डोळे जास्त भरून आले, त्यांच्याबद्दल हे लिहितेय. बरीच वर्षं मी हे काम करतेय आणि त्यातली पहिली काही वर्षं मला आनंद कमी आणि काळजीच जास्त होती, म्हणून जे शिकले ते सांगते.

आधी बायबलमधलं योहानाचं तिसरं पत्र उघडा. एकच अध्याय आहे, पाच मिनिटांत वाचून होतो. चौथ्या वचनात तो म्हणतो की माझी मुलं सत्यात चालतायत हे ऐकण्यापेक्षा मोठा आनंद मला दुसरा नाही. इथे 'ऐकण्या'वर जरा थांबा, कारण तो स्वतः तिथे नव्हता, विश्वासातले भाऊ आले आणि ज्याला हे पत्र लिहिलंय त्या गायसाबद्दल त्यांनी साक्ष दिली तेव्हा त्याला कळलं. आणि ऐकलं काय, तर गायसाने अनोळखी भावांचा प्रेमाने पाहुणचार केला, आणि त्यांना पुढच्या प्रवासासाठीही मदत कर असं योहान त्याला सांगतो. गायस किती अध्याय वाचतो, किती तास प्रार्थना करतो याचा हिशोब त्या पत्रात कुठेच नाही.

म्हणून पहिलं काम हे, की आपण काय शोधतोय ते बदलायचं. हजेरी बघू नका, चाल बघा. उपासनेला पहिल्या रांगेत बसणारा माणूस घरात बायकोशी कसा बोलतो, कोणी अपमान केला की लगेच उलटून बोलणारी मुलगी यावेळी गप्प राहिली का, हिशोबात चूक आपल्या फायद्याची निघाली तेव्हा त्याने ती सांगितली का, अशा ठिकाणी चाल दिसते. या गोष्टी लहान असतात आणि लक्ष नसेल तर निसटून जातात.

दुसरं, पहारा देऊ नका. हे मी चुकून चुकून शिकले. एका तरुण मुलाला मी रोज रात्री फोन करायचे, आज वचन वाचलंस का, प्रार्थना केलीस का, तो बिचारा हो हो म्हणायचा आणि मला वाटायचं छान चाललंय, मग हळूहळू त्याने फोन उचलणंच बंद केलं. नंतर कळलं की त्या दिवसांत तो आतून खूप मोठ्या शंकेत होता आणि मला सांगायची त्याला भीती वाटत होती, कारण माझ्या प्रश्नाला एकच उत्तर चालत होतं. आता मी वेगळं विचारते. या आठवड्यात कुठे जड गेलं? कुठल्या वचनाशी भांडण झालं का? आणि विचारल्यावर गप्प बसते, लगेच उपदेश नाही. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे पण त्यातच माणूस मोकळा होतो.

काळजी वाटणं चूक नाही बरं का. प्रेषित पौलालाही थेस्सलनीकाकरांची, म्हणजे थेस्सलनीका शहरातल्या मंडळीची, इतकी काळजी होती की त्याला राहवेना, तो स्वतः अथेनैत एकटा राहिला आणि आपला सहकारी तीमथ्य याला त्यांची खबर घ्यायला पाठवलं. तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला तेव्हा पौल लिहितो की तुम्ही प्रभूमध्ये स्थिर आहात तर आता आमच्या जिवात जीव आला, अशा अर्थाचं, त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आणि त्याने ते मनात ठेवलं नाही, त्यांना लिहून कळवलं. आपण इथेच कमी पडतो. चुका लगेच सांगतो आणि आनंद मनातच ठेवतो. तेव्हा दिसलं की सांगा, आणि नेमकं सांगा. 'तू छान वाढतोयस' यात हाताला काही लागत नाही, 'त्या दिवशी तुझ्या भावाने सगळ्यांसमोर तुला बोल लावले आणि तू संध्याकाळी स्वतःहून त्याच्याकडे गेलास, ते बघून मी घरी येऊन देवाचे आभार मानले' हे सांगा, ते त्याला वर्षानुवर्षं पुरेल.

कोणी पडला तर? पडतातच. गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना पौल म्हणतो की तुमच्यात ख्रिस्ताचं रूप येईपर्यंत मला पुन्हा प्रसूतिवेदना होतायत, म्हणजे एकदा जन्म देऊन संपत नाही. आणि पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सेवेच्या प्रवासाला निघालेला मार्क आठवा. तो अर्ध्या प्रवासातून परत गेला, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका वाद झाला की दोघं वेगळे झाले, पण बर्णबाने त्याला सोबत घेतलं, आणि पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. ज्याच्याबद्दल तुम्ही आज निराश आहात त्याच्याशी दार बंद करू नका, एवढंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लेकरू आपलं म्हणतो, पण ते देवाचं आहे. पौलच लिहितो तसं, त्याने रोप लावलं, अपुल्लोस नावाच्या दुसऱ्या सेवकाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. योहानाच्या त्याच तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक माणूस आहे, ज्याला पहिला मान हवा होता आणि जो येणाऱ्या भावांना घरात घेईना आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवायचा. आपलं माणूस दुसऱ्या मंडळीत गेलं, दुसऱ्या कोणाकडून शिकू लागलं, आपल्याला न विचारता लग्नाचा किंवा नोकरीचा निर्णय घेतला, की मनात काय होतं ते प्रामाणिकपणे तपासा. सल्ला मागितला तर द्या, प्रार्थना करा, पण लगाम हातात ठेवू नका.

मी एक वही ठेवते. एका पानावर एक नाव, खाली तारखा आणि एकेक ओळ, काय ऐकलं ते. एका मुलीचं पान बरेच महिने रिकामं होतं, फोन नाही, भेट नाही, आणि मी रोज त्या पानावर हात ठेवून फक्त नाव घ्यायचे. मग एका बाईकडून सहज कळलं की ती दर आठवड्याला एका अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे जाते, तिचे केस विंचरते आणि स्तोत्र वाचून दाखवते. मला सांगितलंसुद्धा नव्हतं. क्षणभर वाईट वाटलं आणि मग इतका आनंद झाला की मी तिथेच उभी राहून रडले. ते लिहिलं पानावर. गेल्या महिन्यात तिचा स्वतःहून फोन आला, मावशी, तुमच्या वहीत अजून एक नाव घालाल का, माझ्याबरोबर एक जण वचन वाचायला बसते. तिला मी अजून पाहिलेलं नाही. नाव तेवढं लिहून ठेवलंय.