शेतातली चोरी आणि चोरटी शिकार, बंदोबस्त आधीच करा

गेटला भारी कुलूप लावलं म्हणून निवांत झोपू नका, चोर बरेचदा कुलपाला हातच लावत नाही, अख्खं गेट बिजागरीवरून वर उचलून बाजूला ठेवतो, त्यामुळे वरच्या बिजागरीची पिन उलटी, तोंड खाली करून बसवा, मग उचलताच येत नाही. मोटर, ट्रॅक्टरचे नंबर आणि फोटो मोबाईलमध्ये पाहिजेतच, नाहीतर सापडलेला माल तुमचाच हे दाखवणार कसं?

शिकाऱ्यांचं जरा वेगळं. कुंपणाच्या फटीत, जनावरांच्या वाटेवर तारेचा फास दिसला तर हात लावू नका, करंट सोडलेला असू शकतो, लांबूनच फोटो, लोकेशन घ्या आणि वनखात्याला कळवा. रात्री बॅटऱ्या चमकल्या तर एकट्याने भिडायला जायचं नाही, बंदूक असू शकते, गाडीचा नंबर टिपा नि पोलिसांना फोन लावा.