गमतीच्या आठवणींतून मुलांना कविता लिहायला शिकवताना या चुका टाळा

२७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन, जवळ आला की नाशिकच्या शाळांत मुलांकडून कविता लिहून घेण्याची लगबग सुरू होते, आणि लहानपणीची एखादी गमतीदार आठवण हा त्यासाठी सर्वांत हाताशी असलेला विषय ठरतो. विषय उत्तमच आहे. घोळ होतो तो शिकवणाऱ्याकडून, आणि त्यात मीही आलो.

पहिली चूक म्हणजे स्वतःची आठवण शेवटापर्यंत रंगवून सांगणे. सहावीच्या वर्गाला मी एकदा रंगपंचमीची हकिकत सांगितली: जुन्या नाशकातली रंगाने भरलेली रहाड (जमिनीतला मोठा हौद), तिच्यात मारलेला धप्पा (उडी), आणि वर आलो तेव्हा एका पायातली चप्पल रंगावर तरंगत पलीकडच्या काठाला लागलेली. मुले पोट धरून हसली. नंतर गोळा केलेल्या जवळपास प्रत्येक वहीत मात्र माझीच चप्पल तरंगत होती. आता मी हकिकत धप्प्याच्या अलीकडेच थांबवतो आणि विचारतो, "तुमची फजिती कुठे झाली? तेव्हा हातात काय होते? आधी कोण हसले?" नुसते "एखादी गंमत आठवा" असे मोघम सांगितले, तर मुले छताकडे बघत बसतात.

दुसरी चूक यमकाची घाई, आणि माझ्या मते सर्वांत जास्त कविता हीच मारते. ब्रह्मगिरी चढताना माकडाने आजोबांची कानटोपी पळवल्याचे एका मुलाने तोंडी झकास सांगितले होते. वहीत उतरले ते "माकड आले, माकड आले, मन माझे आनंदी झाले". आनंदी तर कोणीच झाले नव्हते. अशा वेळी घडले ते आधी साध्या वाक्यात लिहायला सांगावे, यमकाचे नावही काढू नये, आणि मग अष्टाक्षरी हाती द्यावी. तिच्यात लघु-गुरूचा हिशेब नसतो, जोडाक्षर एकच धरायचे आणि ओळीत आठ अक्षरे बोटांवर मोजायची, एवढेच. "माकडाने आजोबांची टोपी नेली" ही बारा अक्षरे भरली. त्याने शब्द पुढेमागे केले, काही गाळले, आणि लिहिले:

टोपी माकडाने नेली
थंडी आजोबांना आली

यमक न मागता आले.

शुद्धलेखनाची लाल रेघ पहिल्या खर्ड्यावर ओढू नये. वर्गापुढे वाचायचे की नाही, हेही मुलावरच सोडावे, कारण घरच्यांना गोड वाटणारी फजिती मुलाला अजून बोचत असू शकते. अंथरूण ओले झाल्याची आठवण "मी"ऐवजी "तो" घालून लिहिली, तरी तिच्यातली गंमत उणी होत नाही.

राहिली तात्पर्याची खोड. टोपीच्या कवितेखाली "म्हणून माकडांना खाऊ देऊ नये" अशी ओळ घरून जोडून आली होती. मी ती खोडली नाही, फक्त कंसात टाकली. वाचनाच्या वेळी त्या मुलाने आजोबांच्या थंडीपाशीच वही मिटली.