ओव्हरक्लॉक केलेला जुना पीसी मधेच रिस्टार्ट होतो? आधी लाईन तपासा, मग बायोस

"व्होल्टेज थोडं वाढव, थांबेल." ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवलेला, जुना पीसी मधेच रिस्टार्ट व्हायला लागला की पहिला सल्ला हाच मिळतो. देणाऱ्याच्या सॉकेटमध्ये चोवीस तास २३० व्होल्ट असतात. आपलं घर वावराला लागून, आणि एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आजूबाजूच्या विहिरींच्या मोटरी. इथे तो सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो: प्रोसेसर आणखी वीज मागतो आणि रिस्टार्ट वाढतात.

प्रोसेसर इंटेलचा २०११ चा आय५-२५००के असो, त्याआधीचा क्यू६६०० असो की एएमडीचा एफएक्स, पद्धत एकच. धूळ काढली, पेस्ट बदलली, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, हे झालंय असं धरतो. फक्त दिवाळीनंतर घरात कापूस भरून ठेवला असेल तर प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक पुन्हा उघडून बघा. कापसाचे तंतू पंख्याच्या खाली पात्यांमध्ये थर धरतात. वरून ब्लोअर मारून तो थर निघत नाही, पंखा सोडवून चिमट्याने ओढावा लागतो.

रिस्टार्ट कोणत्या जातीचा ते ओळखा

कंट्रोल पॅनेल, सिस्टिम, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. आता विंडोज स्वतः कोसळली तर निळा पडदा थांबून राहील.

पुढच्या रिस्टार्टनंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची वही) 'कर्नल-पॉवर ४१' उघडा आणि तपशिलात 'बगचेककोड' बघा. हा आकडा दशमान पद्धतीत असतो आणि पडद्यावरचा षोडशमान (सोळाच्या) पद्धतीत, म्हणून निळ्या पडद्यावरच्या कोडशी तो जुळत नाही आणि लोक गोंधळतात. २९२ म्हणजे पडद्यावरचा १२४, हार्डवेअरची चूक. २५७ म्हणजे १०१, एक कोर वेळेत उत्तर देत नाही. या पिढीच्या इंटेलवर हे दोन्ही बहुधा कोरला व्होल्टेज कमी पडल्याची खूण असतात. २६ आला तर आधी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा.

पीसी बंद पडून बंदच राहत असेल तर आधी तापमान बघा. प्रोसेसर खूप तापला की तो आधी वेग कमी करतो, मग मशीन बंद करतो. मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या वर असते, तेव्हा एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) उघडं ठेवूनच काम करा.

आणि कोड शून्य आला तर? विंडोजला काही लिहायची संधीच मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. वीज क्षणभर तुटली तरी शून्य येतो, आणि ओव्हरक्लॉक फार वाईट कोसळला तरी शून्यच येतो. "शून्य म्हणजे पॉवर सप्लाय गेला" असं छातीठोक सांगणाऱ्याचं ऐकून नवा सप्लाय आणू नका.

लाईन की ओव्हरक्लॉक: खरी अडचण इथे

सगळीकडे सांगतात, बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज) डिफॉल्टवर, म्हणजे कंपनीच्या मूळ आकड्यांवर न्या. रिस्टार्ट थांबले तर दोष ओव्हरक्लॉकचा. ऐकायला बरोबर वाटतं. याच तर्कामुळे मी एका चांगल्या चालणाऱ्या चिपचं ओव्हरक्लॉक महिनोन्‌महिने उतरवत, चढवत राहिलो होतो.

हा तर्क का फसतो ते बघा. २५००के डिफॉल्टला ९५ वॅटच्या हिशोबात बसतो. तोच ४.५ गिगाहर्ट्झला, वाढवलेल्या व्होल्टेजवर, दीडपट वीज सहज ओढतो. म्हणजे डिफॉल्टवर गेल्याने तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या: चिपवरचा ताण आणि पॉवर सप्लायवरचा भार. थकलेला सप्लाय कमी भारावर गुपचूप चालतो, आणि खापर चिपवर फुटतं.

त्यात आपल्याकडची लाईन. विहिरीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. हरभऱ्याला स्प्रिंकलर लागले की डीपीवरच्या मोटरी एकामागून एक सुरू होतात, आणि बल्ब मंद होऊन पुन्हा उजळतो. तेवढ्या क्षणात पीसी कशावर चालतो? सप्लायच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर. ही साठवण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ॲक्टिव्ह पीएफसी (कमी-जास्त लाईन सांभाळून घेणारं सर्किट) नसलेल्या जुन्या सप्लायमध्ये २३० ऐवजी १७० व्होल्ट आले की ती जवळपास निम्मी होते, आणि त्या निम्म्यातलीही सगळी वापरता येत नाही. एटीएक्सच्या (पीसीच्या सप्लायचं मानक) हिशोबात चांगल्या सप्लायने पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरायला हवा. विदर्भातले बरेच उन्हाळे काढलेल्या कपॅसिटरकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. मी हे असं करतो.

आधी ओव्हरक्लॉकला हात न लावता लाईन बदलतो. घरात साईन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करून पीसी थेट बॅटरीवर चालवा आणि प्राईम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) लावा. १५० एएचची बॅटरी धड असेल तर दोन-एक तास मिळतात, तेवढे पुरे. मात्र इन्व्हर्टरला तेवढे वॅट पेलतात का ते आधी बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ही परीक्षा करू नका, काही सप्लाय त्यावर स्वतःच गडबडतात. इन्व्हर्टर नसेल तर शेतीची थ्री फेज बंद असते ती वेळ निवडा. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तुमच्या गावचं वेळापत्रक तुम्हाला पाठच असेल. त्याच ओव्हरक्लॉकवर पीसी इथे निमूट चालला तर चिपला दोष देणं थांबवा.

मग उलटं करा. बायोस डिफॉल्ट, पण लाईन वाईट असतानाच, आणि भार पूर्ण: प्रोसेसरची चाचणी आणि ग्राफिक्स कार्डची चाचणी एकदम. नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून "डिफॉल्टला ठीक आहे" म्हणण्यात अर्थ नाही. डिफॉल्टलाही रिस्टार्ट झाला तर सप्लाय किंवा लाईन, दोघांपैकी एक बहुधा अडकलं.

या दोन्ही दिवसांत मल्टिमीटर सॉकेटला लावून सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहा. इव्हेंट व्ह्यूअर प्रत्येक रिस्टार्टची वेळ दाखवतोच. ती मोटरींच्या वेळेशी ताडून बघा. मला सगळ्यात जास्त उत्तरं या जोडणीतून मिळाली आहेत. साधा मीटर क्षणाचा झटका पकडत नाही, म्हणून "मीटरवर तर २०५ दिसतात" एवढ्यावर लाईनला निर्दोष ठरवू नका.

आता दोष सप्लायचा की लाईनचा? पूर्ण भारावर मोलेक्सच्या (सप्लायमधून येणारा चार तारांचा जुना प्लग) पिवळ्या आणि काळ्या तारेत ११.४ ते १२.६ च्या मधे व्होल्ट हवेत. बाहेर गेले तर सप्लाय बदला. आत असले तरी तो पास झाला असं नाही. खरी परीक्षा एकच, ओळखीच्या कुणाचा चांगला सप्लाय एका संध्याकाळपुरता आणून लावणे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या सप्लायवरचं '५०० वॅट' वाचून हरखू नका. स्टिकरवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा. आणि सप्लाय उघडून कपॅसिटर बदलायच्या भानगडीत पडू नका. वायर काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात.

दोष लाईनचा निघाला तर

इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असा खटका असतो. तो बहुतेक घरांत बसवणाऱ्याने ठेवला तसाच असतो. नॉर्मलवर इन्व्हर्टर फार खालपर्यंत व्होल्टेज चालवून घेतो आणि बॅटरीवर जायला वेळ लावतो. पंख्याला चालतं, पीसीला नाही. यूपीएसवर टाका. मग साधारण १८० च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर जाईल. तोटा एवढाच की ज्या संध्याकाळी लाईन तासन्‌तास मरगळलेली असते त्या संध्याकाळी बॅटरी लवकर उतरेल.

फ्रिजचा टकटक करणारा रिले स्टॅबिलायझर पीसीला लावू नका. टप्पा बदलताना तोही क्षणभर वीज तोडतो, आणि थकलेल्या सप्लायला तेवढं पुरतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नीट करून घ्या.

दोष ओव्हरक्लॉकचाच निघाला तर

हे सोपं आहे. रॅम डिफॉल्टवर न्या. क्यू६६०० सारख्या मशीनवर एफएसबी (बोर्डाचा पायाभूत वेग) वाढवला की रॅमही सोबत पळते, तिथे हे आधी करा. मग मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) एकेक पायरी उतरवा: ४५, ४४, ४३. थांबलं की तिथेच राहा. वर्षानुवर्षं वाढीव व्होल्टेजवर चाललेली चिप झिजते. तेव्हा जे १.३० व्होल्टला चालायचं त्याला आता जास्त लागतं. ते देत राहणं मला पटत नाही. २५००के वर १.३५ च्या वर मी जात नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढंही देत नाही.

भारावर ठीक, पण नुसता पडून असताना रिस्टार्ट होत असेल तर ऑफसेट व्होल्टेज (ठरलेल्या व्होल्टेजमध्ये केलेली कमी-जास्त) बघा. उणे ऑफसेट ठेवला असेल तर कमी वेगावर चिप उपाशी राहते. बायोसमधली घड्याळाची वेळ मागे पडत असेल तर सीआर२०३२ सेल बदला.

शेवटी बायोसमध्ये दोन प्रोफाईल ठेवा, उन्हाळ्याचं कमी वेगाचं आणि हिवाळ्याचं. आकडे कागदावरही उतरवून ठेवा. अनेक बोर्डांवर बायोस अपडेट केलं की प्रोफाईल पुसली जातात.