नुसती लिंक पाठवू नका! सापडलेली गमतीदार वेबसाइट मित्रांपर्यंत कशी पोचवावी

त्र्यंबकेश्वरला पडलेला पावसाचा थेंब शेवटी कुठल्या समुद्रात जातो, हे दाखवणारी एक वेबसाइट आहे. तिचं नाव 'रिव्हर रनर'. सॅम लर्नर या अमेरिकन प्रोग्रामरने ती २०२१ मध्ये आधी अमेरिकेपुरती बनवली आणि नंतर सगळ्या जगासाठी खुली केली. नकाशावर कुठंही बोट टेकवायचं. तिथं थेंब पडतो आणि त्याच्यामागोमाग आपण नदीवरून उडत निघतो. ब्रह्मगिरीच्या पूर्व उतारावर बोट ठेवलं तर थेंब गोदावरीला लागतो. गंगापूर धरण, नाशिक, नांदूर मध्यमेश्वर, पैठण, नांदेड असं करत तो तेलंगणात शिरतो आणि राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो. गोदावरीची लांबी सुमारे १,४६५ किलोमीटर, म्हणजे थेंबाला जवळजवळ अख्खी दख्खन ओलांडावी लागते. बोट जरासं डोंगरापलीकडे, पश्चिमेला सरकवलं तर मात्र तो वैतरणेत उतरतो आणि थोडक्यात अरबी समुद्र गाठतो.

एवढी सुंदर गोष्ट नाशिककरांच्या ग्रुपवर नुसती निळी लिंक म्हणून टाकली तर ती सकाळच्या सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली जाते. तीच लिंक योग्य माणसाला, योग्य दोन ओळींसोबत गेली तर सिडकोतला मित्र आपल्या गच्चीवरून थेंब सोडतो, देवळालीची मैत्रीण आपल्या अंगणातून, आणि पुण्याला स्थायिक झालेला वर्गमित्र गावाकडच्या विहिरीपासून सुरुवात करतो. फरक पडतो तो पाठवण्याच्या पद्धतीने. ती पद्धत शिकण्यासारखी आहे.

आधी स्वतः शेवटपर्यंत बघा

साइट सापडल्यासापडल्या पाठवायची घाई करू नका. बऱ्याच साइट पहिल्या पानावर मजेशीर दिसतात आणि तिसऱ्या क्लिकला पैसे मागतात. म्हणून ती एकदा इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तुमचं लॉगिन तिथं नसतं, त्यामुळे मित्राला जे दिसणार तेच तुम्हाला दिसतं. मग मोबाइलवर उघडा, शक्यतो घरातल्या जुन्या फोनवर. आपल्याकडचे बहुतेक मित्र लिंक फोनवरच उघडतात. लॅपटॉपवर माउसने खेळायची साइट बोटांनी चालतेच असं नाही.

एक तपासणी कधीही चुकवू नका. साइट नोटिफिकेशनची परवानगी मागते का, एखादं एपीके (प्ले स्टोअरबाहेरून बसवायची अ‍ॅपची फाइल) उतरवून घ्यायला सांगते का, मोबाइल नंबर किंवा ओटीपी मागते का? यातलं काहीही असलं तर ती साइट कितीही गमतीची असो, पुढे पाठवू नका. तुमच्या नावावर विश्वास ठेवून समोरचा माणूस लिंक दाबतो. एखाद्या मित्राकडून अशा जागी पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

लिंकचं शेपूटही बघा. प्रश्नचिन्हानंतर लांबच लांब अक्षरं असतील तर ती अनेकदा तुम्ही कुठून आलात याचा माग ठेवण्यासाठी असतात. ती काढून लिंक उघडून बघा. नीट उघडली तर छोटीच पाठवा. काही साइटवर मात्र याच्या उलट असतं, तुम्ही काय बघत होता ते पत्त्यातच लिहिलेलं असतं. 'अर्थ नलस्कूल' हा वाऱ्यांचा जिवंत नकाशा तसा आहे. कॅमेरॉन बेकारिओने तो बनवला आणि दर तीन तासांनी त्यात हवामानाची ताजी माहिती भरली जाते. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीवर कसे धडकतात ते त्यावर इतकं देखणं दिसतं की बघत राहावं. नकाशा नाशिकवर आणून थांबवला की पत्ता बदलतो. तो बदललेला पत्ता कॉपी करा, म्हणजे मित्राला थेट आपलं आकाश दिसेल, नाहीतर तो जगाच्या गोलावर चाचपडत बसेल.

कुणासाठी आहे ते ठरवा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक नेमकी हीच गाळतात. साइट बघताना मनात कुणाचा चेहरा आला? तो आला नसेल तर थांबा, लिंक जपून ठेवा, माणूस आठवेल तेव्हा पाठवा.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जाणारा एखादा ओळखीचा माणूस प्रत्येकाला असतो. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, त्यामुळे आता तर जास्तच. त्याला 'झेनो-कॅन्टो' पाठवा. जगभरच्या हौशी लोकांनी रेकॉर्ड केलेले पक्ष्यांचे आवाज तिथं ऐकता येतात. २००५ पासून हा साठा वाढतोच आहे. रात्री झोप न लागणाऱ्या, रेडिओवर वाढलेल्या मावशींना 'रेडिओ गार्डन' द्या. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावातलं स्टेशन आत्ता जे वाजवतंय ते घरात ऐकू येतं. शाळेतल्या भाच्याला जॉश वर्थने २०१४ मध्ये केलेलं सूर्यमालेचं पान दाखवा. त्यात चंद्र एका पिक्सेलएवढा धरलाय आणि पुढच्या ग्रहापर्यंत पोचायला बोट सरकवून सरकवून दमायला होतं. अंतर म्हणजे काय ते वर्गातल्या तक्त्यावर कधी कळत नाही, इथं ते हाताला कळतं. कोपऱ्यात प्रकाशाच्या वेगाने सरकायचीही सोय आहे. ती सुरू केली की प्रकाश किती हळू जातो असं वाटायला लागतं!

तीन माणसं, तीन साइट. तिन्ही लिंका एकाच ग्रुपवर एकदम टाकल्या तर तिघांपैकी एकही जण आपली लिंक उघडणार नाही.

सोबत दोन ओळी लिहा

आता मुख्य काम. केंब्रिज विद्यापीठातल्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखलेला होता. लांबून चालत यायचं आणि भांडं रिकामं निघायचं, हा संशोधकांचा त्रास त्यामुळे वाचला. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरचे लोक ते भांडं बघायला येत राहिले. चित्र धूसर होतं, काळंपांढरं होतं, आणि तरी ते तोंडोतोंडी पसरलं. कारण ते एका वाक्यात सांगता येत होतं: केंब्रिजमधल्या एका भांड्यात या क्षणाला कॉफी आहे की नाही ते बघ. तुमची साइट अशी एका वाक्यात बसते का ते आधी बघा. बसत नसेल तर तुम्हाला तिच्यात नेमकं काय आवडलं ते अजून सापडायचंय.

पहिल्या ओळीत उघडल्यावर काय करायचं ते सांगा. 'भारी आहे, नक्की बघा' या शब्दांनी कुणी हलत नाही. कृती सांगितली की माणूस हलतो. दुसऱ्या ओळीत अडचण सांगून टाका: आवाज लगेच सुरू होतो, डेटा बराच लागतो, साइट इंग्रजीत आहे पण वाचायचं फारसं नाही. ऑफिसात बसलेल्या मित्राच्या फोनमधून अचानक ब्राझीलचा रेडिओ सुरू झाला तर पुढच्या वेळी तो तुमची लिंक उघडायला कचरेल.

रिव्हर रनरसाठी मी असं लिहीन:

"अरे, हे उघड आणि त्र्यंबकवर बोट ठेव. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी येणारं पाणी पुढे कुठं कुठं जातं ते दिसेल. झालं की बोट थोडं पश्चिमेला सरकव आणि परत बघ. लोड व्हायला वेळ लागतो, घरच्या वायफायवर बघ."

यात शेवट सांगितलेला नाही, हे लक्षात घ्या. थेंब दुसऱ्याच समुद्रात जातो ही गंमत मित्राची आहे, ती त्याच्या हातून काढून घेऊ नका. आणि नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती मुद्दाम आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की 'मारुतीच्या कुठवर आलं?' हे नाशिकमध्ये घरोघर विचारतात. जगाच्या पाठीवरची साइट आपल्या घाटावर आणून ठेवली की ती परकी राहत नाही. नांदेडच्या मैत्रिणीला हेच पाठवताना मारुती काढा आणि थेंब नाशिकहून तिच्या घाटावर येतो असं लिहा.

वडीलधाऱ्यांना लिहिताना अर्थातच भाषा बदलेल: "काका, यात आपल्या नांदूर मध्यमेश्वरला येणाऱ्या पक्ष्यांचे आवाज शोधता येतात. वरच्या चौकटीत पक्ष्याचं इंग्रजी नाव टाका. एखादा ओळखीचा आवाज मिळाला तर कळवा." शेवटच्या वाक्यात एक छोटं काम दिलंय. असं काम मिळालं की उत्तर हमखास येतं.

हा मजकूर स्वतः टाइप करा. दुसऱ्याचा जसाच्या तसा ढकलू नका. पाच किंवा अधिक हातांतून गेलेल्या मेसेजला व्हॉट्सअ‍ॅप दुहेरी बाण लावतं आणि एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. ते दोन बाण दिसले की लोक वाचायच्या आधीच वर सरकतात. मूळ लिंक काढून घेऊन नवा मेसेज लिहिणं केव्हाही चांगलं.

वेळ आणि प्रमाण

रात्री जेवणं झाल्यावर किंवा रविवारी दुपारी पाठवा. आठवड्याला एक लिंक भरपूर झाली. ग्रुपमध्ये कुणाकडे दुःखाचा प्रसंग असेल तर थोडे दिवस थांबा.

उत्तर आल्यावर

कुणी 'छान' लिहिलं तर तेवढ्यावर सोडू नका, तू थेंब कुठं टाकलास ते विचारा. खरी गंमत इथं सुरू होते. एक जण गावाचा ओढा टाकतो, दुसरा म्हणतो तुझ्या ओढ्याचं नाव नकाशात नाहीच, तिसऱ्याला ते नाव आजीकडून ऐकलेलं असतं. आणि कुणी उलट लिंक पाठवली तर ती खरोखर उघडा, काय दिसलं ते एका ओळीत लिहा. नुसता अंगठा दाखवलात तर त्याची पुढची लिंक तुमच्याकडे येणार नाही.

लिंका जपून ठेवा

अशा साइट बहुधा एकेकट्या माणसाने हौसेने चालवलेल्या असतात. त्याची आवड सरली किंवा पैसे भरायचे राहिले की त्या बंद होतात. म्हणून एका वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये साइटचं नाव, एका ओळीत तिची गंमत आणि कुणाला पाठवली एवढं लिहून ठेवा. जुनी लिंक पुन्हा पाठवण्याआधी उघडून बघा. बंद झालेली असली तर तिचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाका. जुन्या पानांच्या प्रती साठवणारी ही सेवा २००१ पासून सगळ्यांना मोफत आहे. हातातलं पान तिथं स्वतः साठवायचीही सोय आहे. मजकूर आणि चित्रांची पानं नीट साठवली जातात. रिव्हर रनरसारख्या, दर क्लिकला नवी माहिती मागवणाऱ्या साइट साठवलेल्या प्रतीत सहसा चालत नाहीत. त्यांचं चालू असतानाच फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं पुरतं.