"रूट बघितलाय" म्हणणाऱ्यांनो, रेकीतल्या या चुका टाळा

कोल्हापुरात ट्रायथलॉन जवळ आली की शेवटच्या दोन आठवड्यांत मला हमखास फोन येतात. "काका, सायकलचा रूट कसा आहे?" मी विचारतो, "तू बघितलास का?" उत्तर ठरलेलं: "हो, परवा गाडीतून जाऊन आलो की." माझं डोकं फिरतं ते इथे.

रेकी म्हणजे रेसआधी रस्ता नीट बघून येणं, आणि गाडीतून रेकी होत नाही. खिडकीतून गावं दिसतात, रस्ता कळत नाही. हे मी अक्कल शिकवायला सांगत नाही, मी स्वतः हेच केलं होतं. हाफ अंतराची रेस होती: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. सायकलच्या ४५ किलोमीटरच्या दोन फेऱ्या, बहुतेक हायवेवर. आदल्या दिवशी भाच्याला गाडी चालवायला बसवलं आणि मी शेजारी वही घेऊन. वहीत काय लिहिलं? "रस्ता उत्तम." कागलच्या बाजूला एका पुलावर चाकाखाली दोनदा धडधड झाली, तेव्हा आम्ही तांबडा भारी की पांढरा यावर बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर मी ताशी ३८ने आलो, कोपरं एरोबारवर, म्हणजे हँडलवरच्या पुढे आलेल्या दांड्यांवर, मान खाली. पुलाच्या स्लॅबचे जोड असतात, त्यातला एक चांगला दोन बोटं वर आला होता. पुढचं चाक गेलं, मागचं आपटलं आणि सीटमागच्या दोन्ही बाटल्या उडाल्या. सगळं मीठ, सगळं एनर्जीचं पाणी त्यात. पडलो नाही हे नशीब. दुसऱ्या फेरीत थांबलो, तर तिथल्या स्वयंसेवक पोराने दहा-बारा बाटल्या रस्त्याकडेला ओळीने मांडून ठेवलेल्या. "काका, तुमची कुठली?" म्हटलं, निळ्या बुचाची. निळ्या बुचाच्या तीन निघाल्या. घाईत एक उचलली, ती कुणाच्या तरी साध्या पाण्याची. मग धावण्याच्या एकवीसपैकी नऊ किलोमीटर मी पोटऱ्या चोळत चाललो. पुलाबद्दल तक्रार नाही. तो तिथेच होता, बघायला गेलो नव्हतो मी.

तेव्हापासून रेकी सायकलवरूनच. तीही रेसच्याच चाकांवर, टायरमध्ये रेसच्याच दिवशीची हवा, आणि बाटल्या भरलेल्या. रिकामी बाटली उडत नाही, भरलेली उडते. बाटलीच्या पिंजऱ्याला जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर गुंडाळतो, दिसायला गावठी पण पक्कं बसतं. प्रत्येक पूल, रंबलर, खड्डा आला की उतरतो, बघतो, किलोमीटर टिपतो. रेसच्या सकाळी टॉप ट्यूबवर, म्हणजे सायकलच्या वरच्या दांडीवर, पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर पेनाने: "१८.४ पूल, हात खाली." म्हणजे एरोबार सोडून हँडल धरायचं. लोक हसतात. हसू देत.

दुसरी लाडकी चूक म्हणजे रेकीची वरात. रविवारी पहाटे आठ-दहा जण जमतात, एकमेकांच्या मागे चिकटून ३४च्या सरासरीने सुसाट जातात, स्ट्राव्हा अ‍ॅपवर टाकतात आणि मिसळीवर बसून निकाल देतात: "रूट सपाट आहे भावा, नाद खुळा!" अरे, तू सातव्या नंबरवर वारा चुकवत आलास. सपाट तुला वाटणारच. रेसमध्ये कुणाच्या मागे चिकटायची सोय नसते, तिथे एकट्याने ढकलायचं असतं. हायवेवर डोळ्यांना न दिसणारे लांब चढ असतात. सायकल धरून ८५ किलो वजन असेल तर फक्त १ टक्का चढावर ताशी ३० टिकवायला सपाटीपेक्षा सुमारे ७० वॉट जास्त लागतात. घोळक्यात हे पायाला जाणवतच नाही. मग रेसच्या दिवशी पोरगं म्हणतं, "आज पायच चालेनात." पाय ठीक आहेत, राजा. रस्ता चढतोय.

मी एकटा जातो, सावकाश. घड्याळातला वेग झाकून ठेवतो आणि फक्त कुठे गिअर उतरवावा लागला ते बघतो. तीनदा सर्वात हलक्या गिअरवर यावं लागलं तर मागच्या चाकाला ११-२५ दात्यांची कॅसेट (गिअरच्या चकत्या) ठेवून मर्दानगी दाखवत नाही, चढाला हलकी पडणारी ११-३२ लावतो. आणि हे सगळं निदान आठवडाभर आधी. आदल्या दिवशी ९० किलोमीटर मारून येणाऱ्यांना काय बोलणार.

वेळेचाही घोळ होतो. पहाटे सहाला हवा पडलेली असते. ऊन चढलं, जमीन तापली की वारा उठतो, आणि रेसची दुसरी फेरी नेमकी त्याच वेळी येते. म्हणून निदान परतीचा रस्ता तरी नऊ-दहाच्या सुमाराला करा. उन्हाचा त्रास होतो म्हणणाऱ्यांनी रेस पहाटेच संपवावी, जमत असेल तर.

मोसम तर कुणी धरतच नाही. सप्टेंबरमध्ये बघितलेला रस्ता डिसेंबरमध्ये तोच नसतो. गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून निघतात आणि कडेच्या पट्टीत उसाची कांडकी, पाला, ओली माती. दव पडलेल्या पाल्यावर वळण घेऊन बघा, म्हणजे नको, बघू नका. त्यात सातारा-कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून वळवलेले रस्ते इतके बदलत गेलेत की मागच्या वर्षीची माहिती मी कुणाला देत नाही.

बाकी किरकोळ. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीजवळ शिफ्ट सुटताना उलट्या बाजूने दुचाक्या येतात, ती वेळ माहीत करून घ्या. यू-टर्नवर वाळू असते, तिथे दोनदा वळून बघा. कानात इअरफोन घालून हायवेवर रेकी करणाऱ्याला मी सोबत नेत नाही. तलावाकडून निघताना सायकलवर बसायची रेघ (तिच्या अलीकडे सायकलवर बसता येत नाही) चढावर आहे का तेही बघा, असेल तर सायकल हलक्या गिअरवर ठेवूनच स्टँडला लावा. आणि फोनमध्ये रूटची फाइल आहे म्हणून आदल्या संध्याकाळचं ब्रीफिंग बुडवू नका. पोलिसांच्या सांगण्यावरून वळायची जागा ऐनवेळी हलते, आणि ते फाइलला कुणी कळवत नाही.