वजनाचा काटा अडल्यावर: लांब पल्ल्याच्या सायकल रपेटीने उमेद कशी टिकवावी

वजन कमी करायला घेतलेल्या माणसाची उमेद पहिल्या दोन महिन्यांत सहसा खचत नाही, कारण तेव्हा काटा दर आठवड्याला थोडा थोडा खाली येत असतो. ती खचते त्यानंतर, जेव्हा आहार तोच, व्यायाम तोच, आणि तरीही काटा तिथल्या तिथे थांबतो किंवा किलोभर वर सरकतो. अशा काळात व्यायाम चालू राहायचा असेल, तर वजनाखेरीज दुसरे काही कारण हाताशी असावे लागते. लांब पल्ल्याची सायकल रपेट हे माझ्या मते त्यांतले सर्वांत भक्कम कारण आहे. मात्र ती रपेट म्हणूनच करावी. तिच्याकडे खाल्लेल्या घासांची वसुली म्हणून पाहण्याची सवय लागली, की काटा अडलेल्या आठवड्यात सायकलही कोपऱ्यात पडून राहते.

सर्वप्रथम काटा नेमके काय मोजतो, ते नीट समजून घ्यावे. आपले शरीर कर्बोदकांचा काही साठा ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात ठेवते. प्रौढ माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे हा साठा रिकामा झाला की वजन दीड-दोन किलोंनी उतरू शकते आणि भरला की तेवढेच चढते, पण दोन्ही वेळा चरबी होती तेवढीच असते. लांब रपेटीनंतर थकलेल्या स्नायूंची दुरुस्ती चालू असताना त्यांच्यातही पाणी धरून ठेवले जाते, आणि खारट खाणे झाले असेल तर त्यात आणखी भर पडते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. रविवारी दिवसभर सायकल चालवणाऱ्याच्या अंगावर सोमवारी सकाळी तेवढी चरबी चढलेली असणे जवळजवळ अशक्यच आहे, मग काटा काहीही दाखवो. म्हणून लांब रपेटीनंतर दोन दिवस वजन करूच नये. इतर दिवशी ते सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी करावे, आणि एका दिवसाच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी.

सरासरीही चार-पाच आठवडे हलली नाही, तर मात्र वजन खरोखरच थांबले आहे असे समजावे. हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते, त्यामुळे ज्या आहाराने आधी वजन घटत होते, त्याच आहाराने ते आता नुसते टिकून राहते. त्यातच हळूहळू ताटात पुन्हा एखादी पोळी आणि चहात पुन्हा साखर वाढलेली असते. ८० किलो वजनाच्या माणसाने मध्यम वेगाने तासभर सायकल चालवली, तर सुमारे ५०० किलोकॅलरी खर्च होतात. फरसाण घातलेली मिसळ, तीन पाव आणि दोन गोड चहा यांनी त्यातला बहुतेक भाग सहज भरून निघतो. वजनाचा निकाल मुख्यतः स्वयंपाकघरात लागतो, हे एकदा मोकळेपणाने मान्य करावे. वजन घटवण्याचे ओझे आहारावर सोपवले, की सायकल त्या ओझ्यातून सुटते आणि तिच्यात रमता येते.

रमायचे असेल तर रपेट एखाद्या गावासाठी असावी. ‘आज चाळीस किलोमीटर’ या ठरावापेक्षा ‘आज सासवडपर्यंत’ हा बेत माणसाला पहाटे अंथरुणातून लवकर उठवतो. पुण्याचे उदाहरण घ्यायचे, तर सासवड, जेजुरी आणि मोरगाव ही एकाच वाटेवरची तीन ठिकाणे पायरीपायरीने पल्ला वाढवण्यासाठी अगदी सोयीची आहेत. स्वारगेटपासून सासवड साधारण ३० किलोमीटर, जेजुरी ५० च्या आसपास आणि मोरगाव ६५ च्या आसपास पडते. सासवडला जाण्यासाठी दोन घाट आहेत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्या दिवेघाटातून जाते, त्याचे चढ लांब असले तरी बेताचे आहेत आणि वर चढताना खाली मस्तानी तलाव दिसत राहतो. मात्र तिथे जड वाहनांची वर्दळ फार असते. कोंढव्याकडून जाणारा बोपदेव घाट अंतराने लहान, पण चढाला तीव्र आहे. तिथे उजाडल्यावर आणि सोबतीनेच जावे. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर हवा बदलते, पुढे अंजीर-सीताफळांच्या बागा लागतात आणि समोर पुरंदर उभा असतो. हे सारे दर मोसमात वेगळे दिसते, म्हणून तीच वाट पुन्हा पुन्हा धरली तरी कंटाळा येत नाही. तुमच्या गावाजवळही अशी वाट असेलच. एखादे धरण, देऊळ, किल्ल्याचा पायथा किंवा मावशीचे घर निवडावे, आणि आधी निम्म्या अंतरावरून परत फिरून पाहावे. परतीचे अंतरही आपल्यालाच कापायचे आहे, हे निघतानाच ध्यानात असू द्यावे. आठवड्याला पल्ला एक दशांशाने वाढवला, तर गुडघे आणि पाठ तक्रार न करता साथ देतात.

वेग असा ठेवावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. धाप लागून शब्द तुटू लागले, तर गिअर हलका करावा. चढावर सर्वांत हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवत राहणे हे जड गिअर रेटण्यापेक्षा गुडघ्यांना फार सोसवते. थांबून पाणी पिण्यात आणि दरी पाहण्यात काहीही कमीपणा नाही. वजन जास्त असलेल्यांची रपेट बहुतेक वेळा दमामुळे सुटत नाही, ती बैठकीच्या त्रासामुळे सुटते, म्हणून त्याकडे आधी लक्ष द्यावे. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट उंच असावी. फार मऊ गादीची सीट लांब पल्ल्याला उलट रुतते, त्यापेक्षा बेताची कडक सीट आणि अस्तर असलेली सायकलिंगची चड्डी बरी. चाकांत हवा पुरेशी असावी, आणि हेल्मेट, दिवे, जादा ट्यूब व पंप हे सोबत असावेतच.

उपाशीपोटी लांब रपेट करून वजन लवकर उतरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवर्जून टाळावा, कारण त्याने पाय मध्येच गळतात आणि दुपारी घरी पोहोचल्यावर जेवणावर ताबा राहत नाही. निघण्यापूर्वी थोडे खावे, आणि दीड तासापेक्षा जास्त चालवायचे असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, शिवाय खजूर, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की खिशात सहज मावते. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट घेत राहावे, आणि उन्हाळ्यात त्यात लिंबू, मीठ व साखर घालावी.

रपेटीसाठी वेगळी वही ठेवावी आणि तिच्यात वजनाचा आकडा मुळीच लिहू नये. कुठपर्यंत गेलो, सोबत कोण होते, घाटात कितीदा थांबावे लागले, वाटेत काय दिसले, दुसऱ्या दिवशी पाय कितपत दुखले, एवढे टिपले तरी पुरे. काटा थांबलेल्या महिन्यांतही या नोंदी पुढे सरकत असतात. जिथे पूर्वी तीनदा उतरावे लागत होते तो चढ एका दमात निघतो, सकाळची विश्रांतीची नाडी काहीशी मंदावते, कमरेचा पट्टा एक भोक आत येतो. पुढे कधी मोठे ध्येय हवेसे वाटले, तर ब्रेव्हेचा, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करण्याच्या सायकल उपक्रमाचा, विचार करावा. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात आणि कोणालाही क्रमांक दिला जात नाही. वेळेत पोहोचलेले सारे सारखेच यशस्वी ठरतात, ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

गणपतीतले मोदक, दिवाळीचा फराळ किंवा घरचे लग्न यांनंतर वजन वाढले, तर शिक्षा म्हणून दुप्पट रपेट करू नये. नेहमीचा आहार पुन्हा सुरू करावा आणि ठरलेल्या रविवारी ठरलेल्या गावीच जावे. आजारपणाने महिनाभर खंड पडला असेल, तर पूर्वीच्या निम्म्या पल्ल्यापासून सुरुवात करावी. मुसळधार पावसात घाट टाळावा, कारण ओल्या उतारावर ब्रेक उशिरा लागतो. त्या आठवड्यात सपाट रस्त्यावर छोटी फेरी पुरेशी आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पल्ला वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि साखर उतरल्यास लगेच घेता येईल असे गोड खिशात ठेवावे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा घाम नेहमीपेक्षा वेगळा, थंडगार वाटला, तर सायकल तिथेच लावून मदत मागावी.